उत्तरकार्य आधी की मृत्युपत्र आधी? : पीएचपीतल्या डिस्ट्रक्टरची चिकित्सा

आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुमचा आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा काय संबंध? संबंध आहे. एखादी गोष्ट अस्तित्वात केव्हा येते, केव्हा संपते, आणि मधे झोपून उठली तर ती तीच राहते का, यावर आम्ही लोकांनी हजारो वर्षं वाद घातला आणि निकाल लावला नाही. प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करणाऱ्याला मात्र निकाल लावावाच लागतो. त्याला नियम लिहावा लागतो, कारण यंत्र "पाहू पुढे" असं म्हणत नाही. तो नियम एकदा लिहिला गेला की एखाद्या सूत्रग्रंथासारखी त्यावर टीका लिहिता येते. टीका म्हणजे दोषदर्शन नव्हे. आपल्याकडे टीका म्हणजे ग्रंथ उलगडून दाखवणं. आज मात्र दोन्ही अर्थांनी टीका करणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ग्रंथ आहे पीएचपी. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेब पानासाठी काही हत्यारं बनवली, १९९५ मध्ये ती लोकांपुढे ठेवली, आणि त्यातून ही भाषा वाढत गेली. वाढत गेली हा शब्द मुद्दाम वापरतो. वाडा वाढतो तशी. आधी ओसरी, मग माडी, मग मागच्या बाजूला एक खोली. प्रत्येक खोली ठीक असते, पण एका खोलीतून दुसरीत जाताना पायरी लागते आणि अंधारात माणूस ठेचकाळतो. आजचा विषय अशा एका पायरीचा आहे.

प्रोग्रॅमिंग न करणाऱ्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो, जाणकारांनी पाच मिनिटं सबुरी ठेवावी. तुम्ही ब्राउझरमधून एखादं पान मागता तेव्हा पलीकडच्या सर्व्हरवर पीएचपीचा एक प्रोग्रॅम सुरू होतो, पान तयार करतो आणि संपतो. सेकंदाच्या काही भागात त्याचं अख्खं आयुष्य होऊन जातं. तुम्ही पुढच्या पानावर गेलात की नवा प्रोग्रॅम, नवं आयुष्य. आधीच्याची त्याला काहीही आठवण नाही. मग तुम्ही लॉग इन केलेलं आहे, टोपलीत तीन वस्तू टाकलेल्या आहेत, हे त्याला कळतं कसं? त्यासाठी सेशन. पीएचपी ४ मध्ये, म्हणजे २००० साली, सेशनची सोय भाषेतच आली. प्रोग्रॅम संपताना जे लक्षात ठेवायचं ते एका ओळीत गुंडाळून फाइलीत ठेवायचं, आणि पुढच्या वेळी उलगडायचं. या गुंडाळण्याला सीरियलाइझ करणं म्हणतात. गुंडाळताना ऑब्जेक्टला आधी सूचना मिळते, त्या सूचनेचं नाव स्लीप. उलगडल्यावर मिळणाऱ्या सूचनेचं नाव वेकअप. नावं देणारा माणूस आमच्या बिरादरीतला असावा असं मला नेहमी वाटतं.

दुसरी खोली चार वर्षांनी बांधली. जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ आली आणि तिच्यासोबत डिस्ट्रक्टर आला. ऑब्जेक्ट तयार होताना चालतो तो कन्स्ट्रक्टर, तो आधीपासून होता. ऑब्जेक्ट जाताना चालतो तो डिस्ट्रक्टर. मराठीत त्याला संहारक म्हणावंसं वाटेल, पण तो कशाचाही संहार करत नाही. "तू आता निघालास, जाण्यापूर्वी आवरून घे" एवढा निरोप तो असतो. उघडलेली फाइल बंद कर, डेटाबेसचं कनेक्शन सोड, घेतलेलं कुलूप परत कर. नाव संहारकाचं आणि काम आवराआवरीचं. शब्दाने माणसाची फसगत इथूनच सुरू होते.

आता मुख्य प्रश्न : हा निरोप नेमका केव्हा मिळतो?

उत्तर दुहेरी आहे. पीएचपी प्रत्येक ऑब्जेक्टला किती ठिकाणांहून धरून ठेवलं आहे याची मोजदाद ठेवते. शेवटचा हात सुटला, मोजणी शून्यावर आली, की तत्क्षणी डिस्ट्रक्टर चालतो. हे स्वच्छ आहे, आणि याचं मी मनापासून कौतुक करतो. जावामध्ये फायनलाइझ नावाची जी सोय होती ती कधी चालेल, चालेल तरी का, याचा भरवसा नव्हता. शेवटी २०१७ मध्ये जावा ९ ने ती वापरू नका असंच जाहीर केलं. त्या मानाने पीएचपीचा नियम प्रामाणिक. पण जे ऑब्जेक्ट प्रोग्रॅमच्या अखेरपर्यंत कुणीतरी धरून ठेवलेले असतात त्यांचं काय? त्यांचे डिस्ट्रक्टर अखेरच्या आवराआवरीत चालतात, आणि पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिका सांगते की त्या वेळचा क्रम कोणताही असू शकतो. कोणताही! म्हणजे दिवसभर शिस्तीत चाललेल्या कचेरीने पाच वाजता सांगावं, आता ज्याला जसं सुचेल तसं बाहेर पडा. आणि मेमरी संपून पान मधेच कोसळलं, तर डिस्ट्रक्टर मुळीच चालत नाही.

तर आता या दोन खोल्यांमधली पायरी. सेशनमध्ये ठेवलेल्या ऑब्जेक्टला सेशनने धरलेलं असतं. त्यामुळे त्याची मोजणी प्रोग्रॅम चालू असताना शून्यावर येत नाही, त्याचा डिस्ट्रक्टर अखेरच्या आवराआवरीत चालतो. आणि सेशन गुंडाळून ठेवण्याचं कामही त्याच अखेरच्या टप्प्यात होतं. आधी काय? पीएचपी ५.०.५ पासून नेहमीच्या व्यवस्थेत क्रम असा आहे : आधी सगळ्या ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर, मग तयार पान वाचकाकडे रवाना, मग सेशनची नोंद, आणि मेमरी मोकळी होते ती त्यानंतर. नीट ऐका. ऑब्जेक्टला "तू निघालास" हा निरोप मिळतो, तो आवरतो, आणि त्यानंतर, आवरून झालेल्या अवस्थेत, त्याची नोंद केली जाते. उत्तरकार्य उरकलं आणि मग मृत्युपत्र लिहायला बसले!

एक साधं उदाहरण कल्पू. दुकानाची साइट आहे. टोपली नावाचा क्लास आहे. लिहिणारी मुलगी नीटनेटक्या स्वभावाची, तिने डिस्ट्रक्टरमध्ये लिहिलं : वस्तूंची यादी रिकामी कर. तिच्या दृष्टीने ही मेमरीची स्वच्छता. ती टोपली सेशनमध्ये ठेवली जाते. गिऱ्हाईक तीन पुस्तकं टाकतं, पान दिसतं, पानावर "टोपलीत तीन वस्तू" असं छापलेलं असतं. मग डिस्ट्रक्टर चालतो, यादी रिकामी होते, आणि ती रिकामी टोपली इमानेइतबारे जपून ठेवली जाते. पुढचं पान उघडलं की वस्तू शून्य. कुठेही एरर नाही. कोणत्याही एका ओळीत दोष दाखवता येत नाही. डिस्ट्रक्टर बरोबर, सेशन बरोबर, गिऱ्हाईक बरोबर. पुस्तकं तेवढी गेली.

आता यातला तात्त्विक पेच बघा, कारण मला तो फार गोड वाटतो. गिऱ्हाईकाने बारा पानं पाहिली असं धरा. टोपलीचा कन्स्ट्रक्टर एकदाच चालतो, पहिल्या पानावर. पुढे प्रत्येक पानावर ती उलगडून उठवली जाते, आणि उठवताना कन्स्ट्रक्टर चालवत नाहीत. डिस्ट्रक्टर मात्र प्रत्येक पानाच्या शेवटी चालतो. म्हणजे जन्म एक आणि मरणं बारा. तुम्ही म्हणाल, सर, बाराव्या पानावरची टोपली ही पहिलीच नव्हे, ती नवी वस्तू आहे, फक्त मजकूर तोच. ठीक. मग अकरा टोपल्या अशा झाल्या ज्या जन्मल्याच नाहीत आणि तरी मेल्या. तीच टोपली म्हणा, एका जन्माला बारा मरणं. वेगळी म्हणा, जन्माविना मरण. इकडे आड, तिकडे विहीर. नैयायिकांनी अभावाचे जे चार प्रकार केले त्यातला प्रध्वंसाभाव म्हणजे नाशानंतरचा अभाव. त्याचं लक्षण काय? त्याला आरंभ आहे, अंत नाही. घट फुटला की फुटला. कुंभाराने तसाच दुसरा केला तर तो दुसरा घट. डिस्ट्रक्टर या नावात प्रध्वंसाचा दावा आहे, आणि सेशनमध्ये तो दावा रोज, पानागणिक, खोटा ठरतो. न्यायशाळेत हा शब्द पहिल्याच दिवशी परत पाठवला असता.

इथवर एक नियम तरी आहे, विचित्र का होईना. आधी डिस्ट्रक्टर, मग नोंद. माणूस पाठ करेल. माझी खरी तक्रार पुढे आहे.

सेशन फाइलीतच ठेवावं असं बंधन नाही. डेटाबेसमध्ये ठेवायचं असेल तर वाचण्या-लिहिण्याचं काम करणारा हँडलर तुम्ही स्वतः पीएचपीत लिहू शकता. पण हँडलर हाही ऑब्जेक्ट, त्याच्या हातातलं डेटाबेसचं कनेक्शन हाही ऑब्जेक्ट. डिस्ट्रक्टर आधी आणि नोंद नंतर, तर नोंद करायची वेळ येते तेव्हा कनेक्शनने आपलं चंबूगबाळं आवरलेलं असतं. नोंद कुठे करणार? आणि लक्षात घ्या, तोवर पान वाचकाकडे गेलेलं आहे. "आपली माहिती जतन झाली आहे" हे वाक्य त्याच्या पडद्यावर उमटलं आहे. जतन व्हायचंच आहे, आणि ते होणार नाही. वाक्य लिहिताना ते खरं ठरेल अशी खात्री होती, म्हणून त्याला खोटं म्हणवत नाही; पण प्रवेशाचा अर्ज भरून निश्चिंत झालेल्या मुलाला हा बारकावा काय कामाचा?

ही अडचण पीएचपीच्या मंडळींना माहीत होती. माहितीपुस्तिकेत तिला कोंबडी आधी की अंडं आधी अशा थाटाचा प्रश्न म्हटलं होतं, आणि उपाय सुचवला होता की डिस्ट्रक्टरमधूनच सेशन राइट क्लोज बोलवा, म्हणजे सेशन तिथल्या तिथे लिहून बंद होईल. डिस्ट्रक्टरांचा क्रम कोणताही, हे एका पानावर. आणि डिस्ट्रक्टरमध्ये क्रम सांभाळा, हे दुसऱ्या पानावर.

मग २०१२ मध्ये पीएचपी ५.४ आली. तिने सेशन हँडलरसाठी रीतसर इंटरफेस दिला, आणि हँडलर नेमताना एक जास्तीची निवड ठेवली : प्रोग्रॅम संपण्याच्या सुरुवातीलाच, म्हणजे डिस्ट्रक्टरांच्या आधी, सेशन लिहून बंद करायचं का? ऑब्जेक्ट देऊन हँडलर नेमला तर ही निवड आपोआप "हो" असते. कोंबडी-अंड्याचा प्रश्न सुटला. सिम्फनीसारख्या फ्रेमवर्कने तर ही सोय स्वतःहूनच लावून घेतली. चांगलं झालं. पण परिणाम काय झाला पाहा. फाइलीच्या साध्या व्यवस्थेत आधी डिस्ट्रक्टर, मग नोंद. स्वतःचा हँडलर लावला की आधी नोंद, मग डिस्ट्रक्टर. तोच टोपलीचा क्लास, एकही अक्षर न बदलता, एका ठिकाणी रिकामा जतन होतो आणि दुसऱ्या ठिकाणी भरलेला. हे ठरवणारी ओळ टोपलीच्या क्लासमध्ये नाही. ती दुसऱ्याच फाइलीत आहे, बहुधा दुसऱ्याच माणसाने लिहिलेली. लॅपटॉपवर एक व्यवस्था, खऱ्या सर्व्हरवर दुसरी, हे तर सर्रास.

आम्ही तर्कशास्त्र शिकवताना सांगायचो, वाक्याचा अर्थ संदर्भाने बदलतो हे मान्य, पण संदर्भ वाक्याच्या आवाक्यात तरी हवा. इथे वाक्याचा अर्थ तीन गल्ल्या पलीकडच्या फलकावर अवलंबून आहे.

याला पूर्वपक्ष आहे, तो मांडायला हवा. पहिला : हे सगळं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे, न वाचणाऱ्याचा दोष. अर्धं मान्य. तिथे हेही लिहिलं आहे की अखेरच्या टप्प्यात पानाचे हेडर आधीच गेलेले असतात, काही सर्व्हरवर चालू फोल्डरही बदललेलं असतं, आणि तिथे डिस्ट्रक्टरने एक्सेप्शन फेकलं तर प्रोग्रॅम फेटल एररने पडतो. प्रामाणिक इशारे आहेत सगळे. पण इशाऱ्यांची यादी जितकी लांब, तितकं ते मूळ आश्वासन पोकळ. "वेळेवर आवरायला संधी मिळेल" हे आश्वासन, आणि खाली बारीक टायपात : वेळ कोणतीही, जागा बदललेली, तक्रार केल्यास प्रोग्रॅम बंद.

दुसरा पूर्वपक्ष जास्त वजनदार. तो म्हणतो, डिस्ट्रक्टर अखेरच्या टप्प्यासाठी वापरूच नका. फंक्शनच्या आत जन्मला, फंक्शन संपताना गेला, एवढ्यासाठीच वापरा, तिथे मोजणी चोख आहे. खरं आहे. तरी तिथेही फट आहे. दोन ऑब्जेक्टनी एकमेकांना धरलं की मोजणी कधीच शून्यावर येत नाही. "तू आधी सोड" म्हणत दोघे बसतात. २००९ च्या पीएचपी ५.३ ने अशी वर्तुळं शोधून मोडणारा गोळाकामगार नेमला, पण तो संशयितांची संख्या दहा हजारांवर गेली की निघतो. सामान्य पान त्याआधीच संपतं. म्हणजे पुन्हा अखेरचाच टप्पा.

आता या सगळ्यात धोका किती, की नुसती पुस्तकंच हरवतात? २०१५ चा डिसेंबर आठवा. जूमला या नावाची साइट बनवण्याची प्रणाली आहे. हे नाव स्वाहिलीतल्या "जुम्ला" या शब्दावरून घेतलंय, अर्थ "सर्व मिळून". आपल्या हिशेबातला जुमला तोच, अरबीतून दोन वाटांनी आलेला. तर ही प्रणाली सेशन डेटाबेसमध्ये ठेवायची, आणि त्यात येणाऱ्याच्या ब्राउझरने स्वतःची सांगितलेली ओळखही ठेवायची. ती ओळख कुणीही काहीही सांगू शकतो. हल्लेखोरांनी तिथे गुंडाळलेल्या ऑब्जेक्टचा मजकूर घातला आणि शेवटी चार बाइटचं एक अक्षर ठेवलं. मायएसक्यूएलची त्या वेळची नेहमीची यूटीएफ-आठ व्यवस्था तीन बाइटांपर्यंतचीच अक्षरं ओळखायची, त्यामुळे मजकूर त्या अक्षरापाशी कापला गेला. कापल्यामुळे नोंदीची मापं चुकली. पुढच्या वेळी सेशन उलगडताना पीएचपीचं वाचन घसरलं आणि हल्लेखोराचा मजकूर खरा ऑब्जेक्ट म्हणून उठून बसला.

कोणता ऑब्जेक्ट? डेटाबेस कनेक्शनच्या क्लासचा. का? कारण त्या क्लासला डिस्ट्रक्टर होता. डिस्ट्रक्टर कनेक्शन तोडायचा, आणि तोडताना "निघताना हे हे करा" अशी एक यादी चालवायचा. यादी हल्लेखोराने भरलेली. पान संपलं, निरोप गेला, यादी चालली, आणि सर्व्हर परक्याच्या हातात गेला. दुरुस्त आवृत्ती ३.४.६ ही १४ डिसेंबरला आली. हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. न्यायाने हेही सांगतो की वाचनातली मूळ चूक पीएचपीने सप्टेंबरमध्येच सुधारली होती, पण जुनी पीएचपी चालवणारे सर्व्हर पुष्कळ होते.

मघाचा पेच आठवतो ना, जन्माविना मरण? हे तेच. कन्स्ट्रक्टर हा दारावरचा माणूस. कोण आलं, काय घेऊन आलं, तो तपासतो. सेशनमधून उठणारा ऑब्जेक्ट त्याला चुकवून थेट घरात असतो. आणि जाताना मात्र घराच्या वारसाचे सगळे अधिकार त्याला मिळतात! कन्स्ट्रक्टरने ज्याला पाहिलंच नाही त्याचा डिस्ट्रक्टर चालवणं, ही या रचनेतली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव. पीएचपी ७ ने उलगडण्याच्या फंक्शनला कोणते क्लास चालतील ते सांगण्याची सोय दिली, पण सेशन स्वतःहून उलगडतं तेव्हा अशी यादी विचारली जात नाही.

मग करायचं काय, हे कामाच्या माणसांसाठी. सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवू नयेत. गिऱ्हाईकाचा क्रमांक, वस्तूंचे क्रमांक, नग, एवढंच ठेवावं आणि टोपली दर पानावर नव्याने, कन्स्ट्रक्टरच्या दारातून, उभी करावी. सेशनमधलं लिहिणं झालं की लगेच, आपल्या हाताने, सेशन राइट क्लोज बोलवावं. क्रम तुम्ही ठरवला, भाषेने नव्हे. याचा एक फायदा आणखी आहे : फाइलीच्या व्यवस्थेत सेशन उघडं असेपर्यंत तिच्यावर कुलूप असतं, आणि त्याच माणसाने दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेलं पान बाहेर ताटकळत राहतं. आणि ज्या कामावर कुणाचं काही अवलंबून आहे, पैसे, अर्ज, नोंद, ते डिस्ट्रक्टरवर कधीही सोडू नये. त्याला नाव असलेली, हाक मारता येणारी, यश की अपयश हे सांगणारी वेगळी मेथड हवी. डिस्ट्रक्टरला उत्तर देता येत नाही, कारण विचारणारं कुणी उरलेलं नसतं.

एक प्रश्न आलाय, वाचतो. "सर, मग डिस्ट्रक्टर भाषेतून काढून टाकावा का?" नाही. तात्पुरती फाइल पुसणं, कुलूप सोडणं, यासाठी तो उत्तम आहे. विसराळू माणसाच्या मागे दिवे मालवत फिरणारा कुणीतरी घरात हवाच. पटत नसेल त्यांनी घरी करून पाहावं. कन्स्ट्रक्टर, स्लीप, वेकअप आणि डिस्ट्रक्टर या चौघांनी आपापलं नाव एका फाइलीत लिहावं असा दहा ओळींचा क्लास करा. त्याचा ऑब्जेक्ट सेशनमध्ये ठेवा. आधी साध्या व्यवस्थेत पान तीनदा उघडा, मग हँडलर ऑब्जेक्ट लावून तीनदा, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा. त्या फाइलीचा पत्ता मात्र पूर्ण लिहा. नाहीतर डिस्ट्रक्टरची ओळ भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडेल आणि तुम्ही म्हणाल, तो चाललाच नाही.